आकडा कळला नाही, तर तसे सांगा

ऑनलाइन अर्जातल्या 'वार्षिक उत्पन्न' या रकान्यात कुणी १,००,००० असे भरले, तर पडद्यामागे काय घडते? भरणाऱ्याच्या मनात तो एक आकडा असतो, एक लाख. संगणकापर्यंत मात्र आकडा पोहोचतच नाही. पोहोचतात ती ओळीने आठ चिन्हे: एक, स्वल्पविराम, दोन शून्ये, पुन्हा स्वल्पविराम आणि तीन शून्ये. चिन्हांच्या अशा माळेला प्रोग्रामर 'स्ट्रिंग' म्हणतात. तिची संख्या केल्याशिवाय ना बेरीज होते, ना उत्पन्नाची मर्यादा तपासता येते. हे रूपांतर प्रत्येक प्रोग्रामिंग भाषा आपापल्या रीतीने करते. (इथले आकडे मराठी अंकांत छापलेले असले, तरी वेगळे सांगितले नसेल तिथे ते इंग्रजी अंकांत टाइप केले आहेत असे धरावे.) पायथॉनचे 'इंट' हे फंक्शन ही स्ट्रिंग बघून साफ नकार देते. जावास्क्रिप्टमधले 'नंबर' हे 'नॅन', म्हणजे 'ही संख्या नाही', असे उत्तर देते. त्याच जावास्क्रिप्टमधले 'पार्सइंट' मात्र पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबते, मागचे सगळे सोडून देते आणि उत्तर देते, एक. सी भाषेतले 'एटॉय' हेच करते, पीएचपीतले सक्तीचे रूपांतरही हेच करते. लाखाचा एक झाला आणि कुठेही तक्रार उमटली नाही.

ही प्रोग्रामरच्या घरातली बाब आहे, बाकीच्यांना तिच्याशी काय देणेघेणे, असे वाटू शकते. पण आज शिष्यवृत्तीपासून पीकविम्यापर्यंतचा प्रत्येक अर्ज, प्रत्येक बिल, प्रयोगशाळेचा प्रत्येक अहवाल कधी ना कधी या चिंचोळ्या दारातून जातो. माणसाने लिहिलेला मजकूर तिथे यंत्राचा आकडा होतो. या दारावरचा नियम काय असावा, याबद्दल माझे म्हणणे स्पष्ट आहे. मजकुराचा अर्थ निःसंशय लागत असेल तरच भाषेने संख्या द्यावी. लागत नसेल, तर अंदाज न बांधता नकार द्यावा. हा नकार प्रोग्रामरने मुद्दाम मागून घेण्याची सोय असू नये, तो मूळचाच असावा. कारण रूपांतराच्या क्षणी, लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते हे ठाऊक असलेला माणूस अजून पडद्यासमोर बसलेला असतो, किंवा मूळ कागद हाताशी असतो. त्या क्षणी विचारले तर चूक दोन सेकंदांत दुरुस्त होते. अंदाज बांधून पुढे गेले की तो माणूस उठून जातो, आणि उरतो तो फक्त एक आकडा, जो चुकीचा असला तरी दिसायला अगदी बरोबर असतो.

रूपांतरातले गणित तसे शाळकरी आहे. १९६३ साली ठरलेल्या अ‍ॅस्की संकेतात शून्य ते नऊ या अंकांना ४८ ते ५७ असे ओळीने क्रमांक मिळाले. पाच या चिन्हाचा क्रमांक ५३. त्यातून ४८ वजा केले की ५ ही किंमत मिळते. '५७२' ही स्ट्रिंग वाचताना यंत्र डावीकडून निघते. पहिला अंक ५. पुढे ७ आला, म्हणून हातातल्या पाचाला दहाने गुणून ७ मिळवायचे, झाले ५७. मग २ आला, पुन्हा दहाने गुणायचे, २ मिळवायचे, झाले ५७२. आपल्याकडे घडलेली दशमान स्थानमूल्य पद्धतीच इथे यंत्राच्या पायऱ्यांत उतरलेली आहे. हे कोणत्याही भाषेत चार-पाच ओळींत लिहिता येते. सगळी गोम आहे ती अंक नसलेले चिन्ह समोर आल्यावर काय करायचे, या प्रश्नात. तो प्रश्न गणिताचा नाही, भाषा रचणाऱ्याच्या निवडीचा आहे. तिथपर्यंत जमले तेवढे देऊन टाकायचे, शून्य द्यायचे, की हात वर करून 'हे मला कळले नाही' असे सांगायचे?

सी भाषा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवली. तिच्यातल्या 'एटॉय'ने पहिले दोन्ही मार्ग धरले. '१२अबक' दिले तर १२, नुसते 'अबक' दिले तर ०. त्यामुळे उत्तर शून्य आले की समोरच्याने खरोखर शून्य लिहिले होते की काहीतरी भलतेच, हे उत्तरावरून कळायला मार्गच नाही. त्या काळी स्मृती तुटपुंजी होती आणि प्रोग्राम लिहिणारा व वापरणारा बहुधा एकच माणूस असे, हे ध्यानात घेतले तर त्या निवडीला दोष देता येत नाही. पुढे १९८९च्या प्रमाणित सीमध्ये 'स्ट्रटॉल' हे अधिक जबाबदार फंक्शन आले. ते कुठवर वाचले हेही सांगते, आणि संख्या आवाक्याबाहेरची असेल तर तशी खूणही ठेवते. पण ते नीट वापरायचे तर प्रोग्रामरने दोन-तीन गोष्टी आठवणीने तपासाव्या लागतात. न तपासताही प्रोग्राम चालतो, म्हणून घाईच्या वेळी त्या तपासण्या राहून जातात.

न मागता दाखवलेली हुशारी किती महाग पडते, हे सुरुवातीच्या शून्याने दाखवून दिले. सीच्या परंपरेत शून्याने सुरू होणारी संख्या दशमान नसून अष्टमान, म्हणजे आठाच्या पटीत मोजलेली, असा संकेत आहे. जावास्क्रिप्टच्या जुन्या प्रमाणकाने 'पार्सइंट'ला तोच अर्थ लावायची मुभा दिली होती, आणि अनेक ब्राउझर तो लावत. पुण्याचा दूरध्वनी संकेतांक ०२० अशा ब्राउझरला दिला की उत्तर येई १६. मुंबईचा ०२२ दिला की १८. तारखांची गंमत त्याहून अवघड. महिना दोन अंकी लिहायची पद्धत असल्याने ०१ ते ०७ बिनचूक वाचले जात, कारण सातपर्यंत दोन्ही पद्धतींत किंमत सारखीच. ०८ आणि ०९ मात्र शून्य होत, कारण अष्टमान पद्धतीत आठ आणि नऊ हे अंकच नाहीत. यंत्र पहिल्या शून्यानंतर थांबे आणि हाती आले तेवढे देई. जानेवारी ते जुलै सुरळीत चाललेला प्रोग्राम ऑगस्ट उजाडताच बिघडे, सप्टेंबरभर तसाच राही आणि ऑक्टोबरात आपोआप बरा होई. ज्याने असा दोष शोधला असेल त्याचे किती दिवस त्यात गेले असतील, याची कल्पना करता येते. २००९ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या प्रमाणकाने ही मुभा काढून घेतली. म्हणजे १९९५मध्ये जन्मलेल्या भाषेने चौदा वर्षे दर ऑगस्टमध्ये हा धोका बाळगला. ०८ हे अष्टमान म्हणून वाचता येत नाही, एवढेच त्या फंक्शनने सांगितले असते, तर दोष पहिल्याच दिवशी उघडा पडला असता.

पीएचपीने तर तुलना करतानाही गुपचूप रूपांतर केले. आठव्या आवृत्तीपूर्वी 'अबक' ही स्ट्रिंग आणि शून्य ही संख्या समान आहेत का, असे विचारले की ती 'हो' म्हणे. कारण तुलनेआधी ती 'अबक'चे शून्य करून टाकी. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आजही नावाच्या रकान्याची तुलना शून्य या संख्येशी केली, तर अंकाने सुरू न होणारी जवळपास सगळी नावे जुळली असे उत्तर मिळते. याहून गंभीर प्रकार पासवर्डचा. पासवर्ड थेट साठवायचा नसतो; त्याचा गणिती ठसा साठवतात. एमडी-५ या जुन्या पद्धतीत तो ठसा ३२ चिन्हांचा असतो. त्यात शून्य ते नऊ अंक आणि पहिली सहा इंग्रजी अक्षरे येतात. आता समजा, एका ठशाची सुरुवात शून्य आणि मग 'ई' अशी आहे, आणि पुढची तीसही चिन्हे अंकच आहेत. वैज्ञानिक लेखनपद्धतीत याचा अर्थ 'शून्य गुणिले दहाचा अमुक घात', म्हणजेच शून्य. असे दोन वेगवेगळे ठसे दुहेरी बरोबर-चिन्हाने ताडून पाहिले की पीएचपी दोन्हींना संख्या मानते, दोन्हींचे शून्य करते आणि ते सारखे आहेत असा निर्वाळा देते. '२४०६१०७०८' या मजकुराचा ठसा असाच आहे, हे सुरक्षाक्षेत्रात सर्वांना माहीत आहे. इतरही अनेक मजकुरांचे ठसे तसे आहेत. ज्या संकेतस्थळाने तुलना ढिली ठेवली आणि ज्या खात्याचा ठसा असा निघाला, तिथे भलताच पासवर्ड देऊन आत शिरता येते. इथे कुणी संख्या मागितलीच नव्हती. भाषेने आपल्याच मनाने ती काढली.

या सगळ्याची किंमत शेवटी कोण मोजतो, हे पाहायचे तर जनुकशास्त्राकडे वळावे लागते. 'सेप्टिन' कुळातल्या जनुकांची लघुनावे सेप्ट-१, सेप्ट-२ अशी होती. दुसऱ्या एका कुळात मार्च-१ वगैरे नावे होती. इंग्रजीत जोडून लिहिलेली ही नावे एक्सेलच्या चौकटीत पडली की त्यांची तारीख होई: २ सप्टेंबर, १ मार्च. एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे एक क्रमांकच, त्यामुळे तो प्रकार मजकुराचा आकडा होण्याचाच. एकदा रूपांतर झाले की ती चौकट पुन्हा 'मजकूर' केली तरी मूळ नाव परत येत नाही, पाच आकडी क्रमांक दिसतो. हा धोका २००४ साली एका शोधनिबंधात दाखवून दिला गेला. २०१६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निबंधांसोबतच्या एक्सेल फायली तपासल्या, तेव्हा जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांशात अशा चुका सापडल्या. चुका करणारी माणसे अडाणी किंवा निष्काळजी नव्हती, आपापल्या विषयात निष्णात होती. अखेर २०२०मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नावेच बदलली: सेप्ट-१चे सेप्टिन-१ झाले, मार्च-१ला एक जादा अक्षर जोडले गेले. मायक्रोसॉफ्टने हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय दिली ती २०२३मध्ये. एका सॉफ्टवेअरच्या अंदाजासाठी विज्ञानाला आपली परिभाषा बदलावी लागली, याचा मला राग येतो, आणि तो अनाठायी आहे असे वाटत नाही. चूक करणाऱ्या यंत्राऐवजी चूक सोसणाऱ्या माणसाने आपली वागणूक बदलायची, हे उलटे आहे.

याविरुद्धचा सर्वांत वजनदार युक्तिवाद इंटरनेटच्या पायाशीच आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८०च्या सुमारास टीसीपी या इंटरनेटवरच्या संदेशवहन पद्धतीचे नियम लिहिताना एक सूत्र मांडले: पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार राहा. वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली यंत्रे एकमेकांशी बोलू लागली ती या उदारपणामुळे, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रत्येकाने पहिल्याच चुकीला दार लावले असते, तर जाळे विणलेच गेले नसते. पण चाळीस वर्षांच्या अनुभवाने या सूत्राची दुसरी बाजूही दाखवली आहे. स्वीकारणारा चूक पोटात घालतो, म्हणून पाठवणाऱ्याला चूक कळत नाही. ती रूढ होते. आणि मग नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ती सांभाळून घ्यावीच लागते. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात हाच धोका सविस्तर मांडला आहे. शिवाय संदेश पोहोचवणे आणि संख्या वाचणे यांत फरक आहे. अर्धवट आलेला संदेश पुन्हा मागवता येतो. लाखाऐवजी एक वाचला गेला, तर पुन्हा मागवण्याची गरज आहे हेच कुणाला कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक माणुसकीचा आहे. अर्ज भरणारी व्यक्ती प्रोग्रामर नसते. ती '५०० रु.' लिहील, '५००/-' लिहील, स्वल्पविराम देईल, चुकून पुढे-मागे मोकळी जागा सोडेल. तिला दर वेळी लाल अक्षरांत 'अवैध' म्हणून हटकणे हा यंत्राचा उद्धटपणा नाही का? आहे, आणि तो दूर करायलाच हवा. पण उदारपणा आणि अंदाज या वेगळ्या गोष्टी आहेत. 'या रकान्यात भारतीय पद्धतीचे स्वल्पविराम चालतील, शेवटची तिरकी रेघ आणि आडवी रेघ चालेल, आधीची-नंतरची मोकळी जागा चालेल' असा नियम लिहून ठेवला, तर १,००,०००चा अर्थ एक लाखच लागतो, दुसरा लागू शकत नाही. पायथॉनने २०१६पासून आकड्यांमध्ये खालची रेघ घालायला परवानगी दिली, ती अशीच चर्चा करून, लेखी नियम करून. उलट, जमेल तेवढे वाचून उरलेले टाकून देण्यात औदार्य नाही, त्यात वेळ मारून नेणे आहे. आणि नियम कुणाच्या देशाचा, हेही सांगावे लागते. जर्मनीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. सीचे दशांश वाचणारे फंक्शन यंत्राच्या स्थानिक मांडणीप्रमाणे वागते. मांडणी जर्मन असेल तर 'तीन पूर्णांक चौदा' टिंब देऊन लिहिले की ते नुसते तीन वाचते. एकच प्रोग्राम, एकच मजकूर, आणि यंत्र बदलले की किंमत वेगळी.

मराठी माणसासाठी हा मुद्दा याहून जवळचा आहे, कारण आपल्याकडे अंकच दोन प्रकारचे आहेत. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ने संघराज्याच्या कारभारासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप स्वीकारले, पण मराठी वृत्तपत्रे, सातबारा उतारे, पाठ्यपुस्तके, मुंबईत बेस्टच्या बसवरचे क्रमांक यांत देवनागरी अंक रोज दिसतात. मोबाइलच्या मराठी कळफलकावरून ते सहज टाइपही होतात. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेतात त्यांना २४०६ ते २४१५ असे स्वतंत्र क्रमांक आहेत आणि प्रत्येकाची संख्यात्मक किंमतही प्रमाणकात नोंदलेली आहे. तरीही कुणी ५०००० हे देवनागरीत भरले, तर काय होईल ते भाषेवर अवलंबून. पायथॉन पन्नास हजार वाचते. जावाचे पूर्णांक वाचणारे फंक्शन पन्नास हजार वाचते, पण त्याच जावाचे दशांश वाचणारे फंक्शन नकार देते. जावास्क्रिप्ट 'संख्या नाही' म्हणते. आणि सीचे 'एटॉय' व पीएचपीचे सक्तीचे रूपांतर शून्य देतात. कमाल उत्पन्नाची अट असलेल्या योजनेत असा अर्जदार शून्य उत्पन्नाचा ठरेल, किमान क्षेत्राची अट असलेल्या योजनेत भूमिहीन ठरेल. एकाचा अपात्र असून लाभ, दुसऱ्याचा पात्र असून तोटा, आणि दोघांनीही अर्ज अचूक भरलेला. देवनागरी अंक स्वीकारा, ही माझी मागणी आहेच. पण ज्या व्यवस्थेला ते स्वीकारायचे नसतील, तिने निदान 'इंग्रजी अंकांत लिहा' असे सांगावे. आपल्या लिपीतल्या पन्नास हजारांना मुकाट्याने शून्य ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

इथे पायथॉनलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. ती जगातल्या सगळ्या लिप्यांचे दशमान अंक स्वीकारते, आणि एकाच स्ट्रिंगमध्ये त्यांची सरमिसळही चालवून घेते. बंगाली लिपीतला चार हा अंक दिसायला हुबेहूब इंग्रजी आठासारखा असतो. एखाद्या बिलात इंग्रजी अंकांच्या मधोमध तो कुणी मुद्दाम घातला, तर वाचणारा माणूस आठ वाचेल आणि पायथॉन चार. युनिकोडच्या नियमाने पायथॉनची चूक नाही. तरी लिप्यांची सरमिसळ ही संशयाची जागा आहे आणि संशय आला की थांबावे, हेच सूत्र इथेही लागू करायला हवे. रकान्यात एका वेळी एकाच लिपीचे अंक असा साधा नियम पुरेसा आहे. त्याने मराठी लिहिणाऱ्याचे काहीच अडत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: जुने प्रोग्राम या ढिलाईवर उभे आहेत, नियम कडक केले तर ते कोसळतील. कोसळतील खरे, पण किती? पीएचपीच्या कर्त्यांनी नोव्हेंबर २०२०मध्ये आठवी आवृत्ती आणली, तेव्हा 'अबक' आणि शून्य समान नाहीत असे ठरवले, आणि 'अबक'ला दोनाने गुणायला सांगितले तर चूक दाखवून थांबायचे ठरवले. जगातल्या संकेतस्थळांचा फार मोठा भाग या भाषेवर चालतो. काही ठिकाणी दुरुस्त्या कराव्या लागल्या, त्या झाल्या, आणि संकेतस्थळे चालू राहिली. (ठशांच्या तुलनेचा तो दोष मात्र अजून आहे, कारण दोन्ही बाजूंच्या स्ट्रिंग संख्येसारख्या दिसत असतील तर आठवी आवृत्तीही त्यांची संख्या करते. तिथे तिहेरी बरोबर-चिन्ह वापरावे लागते.) नव्या भाषांनी तर सुरुवातच निराळी केली. गो भाषेत हे रूपांतर दोन गोष्टी एकत्र परत करते, संख्या आणि चूक. रस्टमध्ये संख्या मिळते ती एका बंद लिफाफ्यात. आत संख्या आहे की नकार, हे उघडून पाहिल्याशिवाय आणि नकार असेल तर काय करायचे हे ठरवल्याशिवाय प्रोग्रामर पुढे जाऊच शकत नाही. वेगाची सबबही टिकत नाही, कारण या दोन्ही भाषा वेगासाठीच निवडल्या जातात.

नकार म्हणजे सेवा बंद पडणे, अशीही एक समजूत आहे. ती खोटी आहे, पण तिच्यामागची भीती खरी आहे, कारण बाहेरून आलेला मजकूर हीच आक्रमणाची वाट असते. २०११च्या जानेवारीत असे उघड झाले की, दशांशचिन्हानंतर तीनशेहून अधिक शून्यांनी सुरू होणारी एक विशिष्ट अतिसूक्ष्म संख्या वाचायला दिली की काही यंत्रांवर पीएचपी अनंत फेऱ्यांत अडकते. महिनाभरातच तिच्या शेजारच्या संख्येने जावाही तशीच अडकते, हे समोर आले. दशमान अपूर्णांकाला सर्वांत जवळची द्विमान संख्या शोधणे हे पूर्णांकासारखे सोपे नाही. त्याची खात्रीशीर पद्धत १९९०च्या निबंधांत नीट मांडली गेली, आणि तरीही एवढ्या वापरातल्या भाषा त्यात ठेचकाळल्या. पायथॉनपुढे २०२२मध्ये वेगळा पेच आला. फार लांबलचक अंकमाला वाचायला वेळ अंकांच्या वर्गाच्या पटीत लागतो, म्हणजे दहापट लांब माळेला शंभरपट. कुणी लाखो अंक पाठवून सर्व्हर गुंतवून ठेवू शकत होते. पायथॉनने ४,३०० अंकांची मर्यादा घातली. गणित करणाऱ्यांना ती खटकली, आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. पण मर्यादा जाहीर आहे, ओलांडल्यास स्पष्ट चूक दाखवली जाते आणि गरज असलेल्याला ती वाढवता येते. अंक कापून लहान संख्या देण्याचा पर्याय तिथेही होता, आणि तो कुणी सुचवण्याच्याही लायकीचा नव्हता.

काही मजकुरांची तर संख्या करायलाच नको. दूरध्वनी क्रमांक, बँक खाते, आधार, कार्डावरचे सोळा अंक यांची बेरीज करायची वेळ कुणावर येत नाही. ज्यांची बेरीज अर्थहीन आहे ते अंकांत लिहिलेले नाव आहे, संख्या नाही. तरीही एक्सेल पंधरापलीकडचे अंक सांभाळू शकत नसल्याने कार्डाचा सोळावा अंक शून्य करून टाकते, बारा अंकी आधार 'दहाचा अकरावा घात' अशा रूपात दाखवते आणि शून्याने सुरू होणाऱ्या खातेक्रमांकांचे शून्य गिळते. जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या संख्याप्रकारात ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ नंतरची प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी धरता येत नाही. शेवटी ९९३ असेल तर ती ९९२ होते. २०१०मध्ये ट्विटरच्या प्रत्येक संदेशाचा क्रमांक या मर्यादेपलीकडे जाऊ लागला, तेव्हा कंपनीने तोच क्रमांक स्ट्रिंग म्हणूनही पाठवायला सुरुवात केली. शासनाची खाती लाभार्थ्यांच्या याद्या अजूनही एक्सेलमधून एकमेकांना पाठवतात. त्या प्रत्येक यादीत खाते आणि आधारचे रकाने 'मजकूर' म्हणून आखलेले असावेत, हे एका परिपत्रकाने होण्यासारखे काम आहे.

रकमांच्या बाबतीत तर आपल्या धनादेशाने उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. त्यावर रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहावी लागते. १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १८ सांगते की दोन्हींत फरक असेल तर अक्षरी रक्कम ग्राह्य. व्यवहारात बँका असा धनादेश परत करतात, आणि परतीच्या कारणांच्या छापील यादीत ते कारण असतेच. ऑनलाइन अर्जातही हे सहज जमते. अर्जदाराने आकडा भरला की रकान्याखाली लगेच 'रुपये एक लाख फक्त' असे मराठीत उमटावे, आणि ते वाचून त्याने होकार दिल्यावरच अर्ज पुढे जावा. यंत्राने लाखाचा एक वाचला असेल, तर 'रुपये एक फक्त' असे दिसताच अर्जदार स्वतःच ओरडेल. यात वेळ जातो म्हणावे, तर तो फार तर काही सेकंदांचा. चुकीच्या उत्पन्नावर नाकारलेला अर्ज दुरुस्त करून घ्यायला तहसील कचेरीत घालाव्या लागणाऱ्या फेऱ्यांशी त्याची तुलना करावी. संकेतस्थळांच्या निविदांत लोगोचा रंग आणि पानांची संख्या लिहिली जाते. त्याच कागदावर आणखी तीन ओळी यायला हव्यात. कोणते अंक आणि कोणती विरामचिन्हे चालतील ते जाहीर असावे, न कळलेला आकडा परत करावा, आणि कळलेला आकडा अक्षरांत लिहून दाखवावा.